अभंग तुकोबांचा, मग क्लेम कुणाचा?

तुमचा प्रश्न असा आहे की तुमच्या भजनी मंडळाने देवळाच्या सभामंडपात बसून चार भजनं रेकॉर्ड केली, यूट्यूबवर टाकली, त्यातल्या 'इंद्रायणी काठी'वर दुसऱ्याच दिवशी कॉपीराइट क्लेम आला, आणि तुमचं म्हणणं की संतांच्या अभंगावर कसला आलाय कॉपीराइट. वर मंडळातली पोरं म्हणतायत की काका, आजकाल ओरिजिनल असं राहिलंय काय, सगळेच ढापतात, आपण सरळ एआयकडून चाल करून घेऊ. दोन्ही प्रश्न एकमेकांत अडकलेत म्हणून एकत्रच लिहितो. लांबेल थोडं. मी पेटी वाजवत वाजवत अरेंजिंगमध्ये आलो, आता स्वतःचा छोटा स्टुडिओ आहे, अठ्ठावीस वर्षांत दोन्ही बाजूंनी हात पोळून घेतलेत, म्हणजे माझं चोरलंही गेलंय आणि मीही चोरलंय, त्यामुळे वकिली थाटात नाही सांगणार.

आधी तुमच्या गाण्याचं. 'इंद्रायणी काठी' संतांचं नाहीच मुळी. ते लिहिलं गदिमांनी, चाल पुलंची, १९५३ च्या 'गुळाचा गणपती'मधलं गाणं, गायलं भीमसेन जोशींनी. यात तुम्हाला हसावं असं काही नाही, भलेभले फसतात, एका बुवांना मी भर कीर्तनात 'तुकोबाराय काय म्हणतात' असं म्हणून हेच सुरू करताना ऐकलंय आणि समोरच्या दोनशे माणसांपैकी एकालाही खटकलं नाही. 'कानडा राजा पंढरीचा' पण तसंच, शब्द गदिमांचे, चाल सुधीर फडक्यांची, १९७० चा सिनेमा. म्हणजे कवीने संतांच्या भाषेत इतकं बेमालूम लिहिलं की लोकांनी ते संतांच्या नावावर जमा करून टाकलं! कवीला याहून मोठी दाद काय मिळणार, पण कॉपीराइटच्या हिशोबात ती दाद आपल्याला महागात पडते.

आता हा हिशोब एकदा डोक्यात बसवा, मग निम्मी भांडणं मिटतात. आपण ज्याला 'एक गाणं' म्हणतो ते कायद्याला एक दिसत नाही. शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, आणि जी रेकॉर्ड निघाली ती तिसऱ्याची. वरून म्युझिक पीस ज्याने लिहिले तो अरेंजर, त्याचं नाव बहुतेक वेळा कुठेच नसतं, पण त्याच्यावर नंतर येतो. भारतात शब्द आणि चाल यांचा हक्क करणारा हयात असेपर्यंत आणि तो गेल्यावर पुढची ६० वर्षं टिकतो, मृत्यूनंतरच्या १ जानेवारीपासून मोजायची. रेकॉर्डिंगची ६० वर्षं मात्र ती बाजारात आली तिथपासून. म्हणजे बघा, गदिमा गेले १९७७ ला, त्यांचे शब्द २०३७ संपेपर्यंत हक्कात. पुलं गेले २००० ला, चाल २०६० संपेपर्यंत. आणि गंमत अशी की त्या काळी निघालेल्या तबकडीची स्वतःची ६० वर्षं कधीच संपली! तबकडी मोकळी, तबकडीवरचं गाणं बांधलेलं. हे लोकांना पटतच नाही, मला पण पटायला वेळ लागला होता.

उलटं उदाहरण घ्या, 'तीर्थ विठ्ठल क्षेत्र विठ्ठल'. शब्द नामदेवांचे, साडेसहाशे वर्षांच्या वरचे, त्यावर कुणाचा बाप हक्क सांगू शकत नाही. पण आपल्या सगळ्यांच्या डोक्यात जी चाल वाजते ती राम फाटकांची. तुम्ही नामदेवांचे हेच शब्द तुमच्या गावच्या वारकरी चालीत, पखवाज आणि टाळावर म्हटलेत तर कुणाचं काही देणं नाही. फाटकांच्या चालीत म्हटलेत की देणं आलं. शब्द तेच, गाणारे तेच, देऊळ तेच.

मग अभंग खरा संतांचा की नंतरचा हे ओळखायचं कसं? पहिली खूण म्हणजे शेवटी नाममुद्रा आहे का बघा, 'तुका म्हणे', 'नामा म्हणे', 'एका जनार्दनी'. व्हिडिओच्या कोपऱ्यात आज आपण वॉटरमार्क टाकतो ना, त्याचा हा आजोबा, आणि हुशारी अशी की कोपऱ्यात नाही, ओळीतच विणलेला, काढायला गेलात तर छंदच मोडतो. पण ही खूणही पक्की नाही बरं का. एक तर कुणीही 'तुका म्हणे' जोडू शकतो आणि जोडलेलंच आहे, कित्येक अभंग मागाहून कुणीतरी रचून तुकोबांच्या नावावर घातलेत, अभ्यासक त्यांना क्षेपक म्हणतात. म्हणजे दुसऱ्याचं घेऊन आपलं नाव लावण्याऐवजी आपलं लिहून दुसऱ्याचं नाव लावायचं, उलटी चोरी. दुसरं म्हणजे सुलटी चोरी पण तेव्हा होतीच. तुकोबांच्या गाथेत सालोमालोवरचा अभंग आहे, त्यात ते वैतागून म्हणतात की हे लोक संतांची वचनं मोडून त्याचे स्वतःसाठी दागिने करतात. साडेतीनशे वर्षांपूर्वीची तक्रार आहे ही! इंटरनेटने माणसं बिघडवली असं कुणी म्हणालं की मला सालोमालो आठवतो. इंटरनेटने फक्त वेळ वाचवला.

आता पोरांच्या मुद्द्याकडे, की ओरिजिनल काही नसतंच. यात अर्धं खरं आहे आणि ते अर्धं मला आवडतं सुद्धा. आपलं नाट्यसंगीत घ्या. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० ला शाकुंतल केलं, दोन वर्षांत सौभद्र, त्यातल्या पदांच्या चाली कुठून आल्या? साक्या, दिंड्या, लावण्या, कानडी गाणी, जे कानावर होतं ते सगळं. पुढे १९११ ला मानापमान आलं तेव्हा गोविंदराव टेंब्यांनी पूरबकडच्या ठुमरी-कजरीचा रंग आणला. १९१६ च्या स्वयंवरात भास्करबुवा बखल्यांनी ख्यालाच्या बंदिशी घेतल्या आणि खाडिलकरांनी त्यांच्यावर मराठी शब्द बसवले. आजच्या भाषेत याला काय म्हणाल, रिमिक्स? आणि तरी ती पदं शंभर वर्षं लोक गातायत आणि मूळ बंदिश कुठली होती ते जाणकार सोडले तर कुणाला माहीत नाही.

पण जुनं नाटकाचं पुस्तक कधी उघडून बघा. माझ्याकडे आजोबांच्या पेटीतून निघालेलं एक आहे, पानं हात लावला की तुटतात. प्रत्येक पदाच्या डोक्यावर राग, ताल आणि कंसात चाल छापलेली असते: चाल, आणि पुढे ज्या गाण्यावरून ती घेतली त्याचे पहिले दोन-तीन शब्द. लपवाछपवी नाही. 'आम्ही हे अमक्यावरून उचललंय' असं पैसे देऊन पुस्तक घेणाऱ्याला छापून सांगायचे, आणि त्यात कुणाला कमीपणा वाटत नव्हता, उलट गाणाऱ्याला सोय व्हायची, की हां ही चाल आपल्याला येते. माझं सगळं म्हणणं या कंसाभोवतीच आहे. घेणं आधीही होतं, आजही आहे. मधल्या काळात तो कंस गळाला.

कोकणातली डबलबारी ऐकलीय का? दोन बुवा समोरासमोर, गजर चाललाय, आणि मध्येच एक बुवा काल-परवाच्या सिनेमातल्या गाण्याच्या चालीवर विठ्ठलाचं नाव बसवून टाकतो आणि मंडप डोक्यावर घेतात लोक. तिथे मजाच ही असते की सगळ्यांना मूळ गाणं माहीत असतं. न ओळखता आलं तर दाद कशाची देणार. म्हणजे कंस छापलेला नसतो पण ऐकणाऱ्याच्या डोक्यात असतो. चोरी करणाऱ्याला नेमकी याची भीती असते, की कुणी मूळ ओळखू नये. मी माझ्यापुरती फूटपट्टी हीच ठेवलीय: मूळ ओळखलं गेलं तर आपल्याला आनंद होणार की घाम फुटणार.

घामाचं म्हणाल तर सांगतो. मी नवीन होतो तेव्हा, कॅसेटचे दिवस संपत आले होते, एका कंपनीने मला गाजलेल्या भावगीतांचे ट्रॅक करायला दिले, हुकूम एकच, सेम टू सेम पाहिजे. मी रात्र रात्र कॅसेट प्लेअर घेऊन बसायचो, पट्टा सैल झालेला, सूर धड काळी एक नाही धड पांढरी दोन नाही, मध्येच कुठेतरी लोंबकळतोय, आधी कीबोर्डची पिच त्याला जुळवायची आणि मग एकेक पीस उतरवायचा. एका गाण्यात अंतऱ्याआधी व्हायोलिनचा असा पीस होता की धैवतावरून घसरत येऊन बरोबर समेच्या एक मात्रा आधी थांबतो, गाणाऱ्याला दार उघडून दिल्यासारखा. तो काढायला मला दोन रात्री लागल्या. निघाला तेव्हा इतका खूश झालो की जणू मीच केला. आणि मग सहज कॅसेटच्या आतला कागद उघडून बघितला, हा पीस लिहिला कुणी, तर कवी, संगीतकार, गायक सगळे आहेत, अरेंजर नाही, वाजवणारा तर नाहीच नाही. आमच्या कॅसेटवर सुद्धा नाव माझं आलं नाही हा भाग वेगळा, पण ते बरंच झालं म्हणायचं. ते काम मी शिकण्यासाठी केलं असतं तर उत्तम होतं, आमच्यात सगळे असेच शिकतात, उतरवून उतरवून. विकायला केलं तिथे ते घाण झालं.

पुढे देवाने हिशोब चुकता केला. काही वर्षांपूर्वी मी एक गणपतीचं गाणं केलं, बजेट नव्हतं, ढोलकीवाल्याला बोलवायच्या ऐवजी पैसे भरून घेतलेल्या लूपच्या पॅकमधली, म्हणजे आधीच वाजवून ठेवलेल्या तुकड्यांच्या संचातली, तयार लग्गी (ढोलकीचा द्रुत ठेका) लावली. रीतसर लायसन्स, रॉयल्टी फ्री, सगळं कागदावर. चतुर्थीच्या तीन दिवस आधी गाणं टाकलं आणि क्लेम! कुणाचा? मला माहीतही नसलेल्या एका गाण्याचा. ऐकलं तर त्यातही तीच लग्गी, त्याच पॅकमधली, त्याने डिस्ट्रिब्युटरकडून आपलं गाणं कंटेंट आयडीत, म्हणजे यूट्यूबच्या गाणी ओळखणाऱ्या यंत्रणेत, नोंदवलेलं, आणि मशीनने ढोलकी जुळतेय म्हणून माझं गाणं त्याच्या नावावर करून टाकलं. त्याने चोरी केली नव्हती, मीही नाही, दोघांनी एकाच दुकानातून शर्ट घेतला होता इतकंच. मी डिस्प्यूट टाकला, म्हणजे क्लेमला हरकत घेतली, लायसन्सची पीडीएफ दाखवली, आता समोरच्याला उत्तर द्यायला ३० दिवस असतात आणि गणपती असतो दहा दिवस. क्लेम सुटला तेव्हा पितृपक्ष चालू होता. तेव्हापासून ढोलकी खरी, माणूस बसवून, ढोलकीच्या दोन तोंडांना दोन माईक, एक शाईकडे एक घुमाऱ्याकडे. हाताने वाजवलेली लग्गी दोन आवर्तनं सुद्धा तंतोतंत सारखी येत नाही, आणि मशीनला फसवायला तेवढं बास आहे. असो, वाजवतो पण तो छान.

हे कंटेंट आयडी प्रकरण नीट समजून घ्या कारण तुम्ही त्यालाच घाबरलाय. यूट्यूबने ते २००७ मध्ये आणलं. मालक आपली गाणी त्यात देतो, मशीन प्रत्येक अपलोडचा ठसा त्या साठ्याशी ताडून बघतं, नुसतं रेकॉर्डिंगच नाही, चालसुद्धा ओळखतं, म्हणून तुम्ही स्वतः गायलेलं असूनही पकडलं गेलात. मग मालक ठरवतो, ब्लॉक करायचं, की व्हिडिओ राहू दे आणि जाहिरातीचे पैसे मला दे, की नुसतं लक्ष ठेवायचं. तुमच्यावर जे आलंय ते क्लेम आहे, स्ट्राइक नाही. क्लेमने चॅनलला काही होत नाही. स्ट्राइक वेगळा, तो मालकाने कायदेशीर तक्रार करून व्हिडिओ काढायला लावला की येतो, ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जाऊ शकतं. तुमच्या मेसेजमध्ये व्हिडिओ चालू राहील, कमाई मालकाला जाईल असं लिहिलं असणार. तसं असेल तर मुकाट राहू द्या. तुम्हाला काय जाहिरातीच्या पैशातून मंडपाचं छप्पर घालायचंय का? खोटा डिस्प्यूट मात्र अजिबात टाकू नका, 'संतवाङ्मय आहे' असं कारण लिहाल आणि समोरचा कागद काढून दाखवेल, आणि मग क्लेमचा स्ट्राइक करून घ्याल हाताने.

आणि ते व्हिडिओखाली 'कुणाचा हक्क डावलण्याचा हेतू नाही' असं जे लोक लिहितात त्याचा उपयोग शून्य. सात सेकंद चालतात, दहा सेकंद चालतात हे पण कुठल्याच कायद्यात नाही, कुणी काढलं देव जाणे. क्रेडिट दिलं म्हणजे परवानगी मिळाली असंही नाही. पण म्हणून क्रेडिट द्यायचंच नाही असा अर्थ काढू नका, आपल्या कॉपीराइट कायद्याच्या ५७ व्या कलमात करणाऱ्याचा नावाचा हक्क वेगळा धरलाय, हक्क विकून टाकले तरी तो त्याच्याकडेच राहतो. नाव देणं हे उपकार नाहीत, आणि नाव दिलं म्हणजे पैसे फिटले असंही नाही. कव्हर व्हर्जनची एक वाट कायद्यात आहे, पहिलं रेकॉर्डिंग निघाल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेली की नोटीस देऊन, आगाऊ रॉयल्टी भरून, पण त्यात रॉयल्टी वर्षाला किमान ५०,००० प्रतींवर धरतात, हे भजनी मंडळाचं काम नव्हे.

एक दिलासा. देवळात बसून गाताना यातलं काहीही मनात आणू नका. खऱ्याखुऱ्या धार्मिक समारंभात गाणं वाजवणं-गाणं हे ५२ व्या कलमाने मोकळं ठेवलंय, त्यात लग्नाची वरातसुद्धा धरलीय. पण सूट गाण्याला आहे, ते रेकॉर्ड करून जगभर टाकायला नाही. एकादशीला तुम्ही तेच गाणं गायलात तर भक्ती, मोबाईल स्टँडवर लावून गायलात की प्रकाशन. मला स्वतःला हे थोडं विनोदी वाटतं, पण आहे असं आहे.

आता एआय. मागच्या आषाढीच्या आसपास एक मुलगा पेनड्राइव्ह घेऊन आला, म्हणाला सर, अभंग केलाय, फक्त मास्टरिंग करून द्या. शब्द तुकोबांचे, चाल मशीनची, आणि आवाज एका दिवंगत गायकाचा, तोही मशीनने काढलेला. मी हेडफोन लावला. पहिल्या ओळीत बरं वाटलं. दुसऱ्या ओळीत 'विठ्ठल'चा ठ्ठ सुटा झाला आणि पुढे 'सकळ'चा 'सकल'. ज्या माणसाने आयुष्य या ळ आणि ण मध्ये घालवलं त्याच्या तोंडात 'ल'! मी त्याला एवढंच विचारलं की यातलं तू काय केलंस. तो म्हणाला, प्रॉम्प्ट लिहिला, म्हणजे मशीनला काय हवं ते सांगणारी सूचना. तो प्रॉम्प्ट पण त्याने इंग्रजीत लिहिला होता. मी काम घेतलं नाही. आवाजाच्या बाबतीत तर आता कोर्टही गप्प नाहीये, जुलै २०२४ मध्ये मुंबई हायकोर्टाने अरिजित सिंगच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, त्याचा आवाज एआयने विनापरवाना बनवायला मनाई केली. पोरांना हे सांगा. मशीन वापरू नका असं मी म्हणत नाही, मी स्वतः टाळांचा गोंगाट काढायला एआयच वापरतो. पण चाल त्याच्याकडून घेणार असाल तर 'आमच्या मंडळाची चाल' असं लिहू नका, कारण ती नाहीये.

आणि परंपरेतून घेताना कुठवर 'सगळ्यांचं' आणि कुठून 'एकाचं' हे कोर्टालाही सोपं नाही बरं का. डागर घराण्याची 'शिवस्तुती' आणि ए. आर. रहमानचं 'वीरा राजा वीरा', राग एकच, धाटणी ध्रुपदाची. एप्रिल २०२५ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी डागरांच्या बाजूने अंतरिम आदेश दिला, नाव द्या आणि दोन कोटी भरा, आणि सप्टेंबरमध्ये त्याच कोर्टाच्या खंडपीठाने तो आदेश रद्द केला. तेच सूर, पाच महिन्यांत दोन निकाल. तेव्हा राग कुणाचाच नसतो, बंदिश कुणाचीतरी असू शकते, आणि मधली रेघ हवेत असते हे मान्य करून चालायचं. कानाला शंका आली की विचारायचं, एक फोन करायचा. मी मध्ये एका ज्येष्ठ संगीतकारांच्या चालीवरून थोडं घेतलं होतं, घरी जाऊन वाजवून दाखवलं, ते म्हणाले घे की, फक्त तो कोमल निषाद माझ्यासारखा लावू नकोस, तुझ्या गाण्यात शोभत नाही. फुकटात शिकवणी झाली.

तर तुमच्या चार भजनांचं असं करा. पहिली तीन जर गावच्याच चालीत असतील तर खाली लिहा: शब्द अमुक संतांचे, चाल पारंपरिक, आणि ती चाल ज्या बुवांकडून तुमच्या मंडळात आली त्यांचं नाव, माहीत असेल तेवढं मागे जा. चौथ्यावर क्लेम राहू द्या आणि लिहा: गीत ग. दि. माडगूळकर, संगीत पु. ल. देशपांडे, मूळ गायक भीमसेन जोशी. पखवाजवाल्याचं नाव विसरू नका, पेटीवाल्याचं तर अजिबात नको. पोरांना म्हणावं एआयच्या आधी मंडळातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला बसवा आणि त्याला येतात तेवढ्या चाली मोबाईलवर घेऊन ठेवा, अर्ध्या चाली त्याच्याबरोबर जाणार आहेत आणि त्यांच्यावर क्लेम टाकायला कुणी येणार नाही. आणि हो, व्हिडिओ ऐकला मी, टाळ फार पुढे आलेत, टाळकऱ्यांना माईकपासून दहा फूट मागे बसवा, नाहीतर शब्द गदिमांचे की तुकोबांचे कुणाला कळायचंच नाही.